शून्याची पारख

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे, की मैदानी खेळांशी माझा संबंध प्रेक्षकांच्या बाकापलीकडे कधी गेलेला नाही. असे असूनही यंदाच्या दिवाळी अंकात मी एका खेळावरच लिहायचे ठरविले आहे. आणि तो खेळ म्हणजे आपला क्रिकेट किंवा कबड्डी नव्हे, तर अमेरिकन लोकांचा फुटबॉल! संपादकांनी विषय ऐकला, चष्मा काढून पुसला आणि 'करंज्या-चकल्यांबरोबर हे पचेल का?' एवढेच विचारले. पचेल, असे मला वाटते. कारण मला सांगायचे आहे ते खेळाविषयी थोडे आणि माणसाच्या पारखीविषयी फार.

ज्यांनी जुन्या पद्धतीची लग्ने पाहिली आहेत त्यांना कोठीवरचा माणूस आठवत असेल. मांडवात बँड वाजतो आहे, व्याही रुसून बसले आहेत, पंगतीवर पंगती उठताहेत, आणि हा गृहस्थ आतल्या अंधाऱ्या खोलीत किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तूप, साखर, नारळ यांचा हिशेब ठेवीत बसलेला. कार्य नीट पार पडले म्हणजे लोक आचाऱ्याचे कौतुक करीत, वाढप्यांचे करीत, यजमानांचे करीत. कोठीवाल्याचे नाव निघे ते एकाच प्रसंगी, ऐन पंगतीत साखर संपली म्हणजे! हल्ली केटररच्या राज्यात आपल्याकडची ही जागा नाहीशी झाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र ती अजून आहे, आणि तिच्यावर एक नव्हे, पाच माणसे बसतात.

हा खेळ थोडक्यात असा. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी. चेंडू लांबोडा, आणि नाव फुटबॉल असले तरी त्याला पाय क्वचितच लागतो. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्यांच्या हाती. चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, कुणाकडे फेकायचा, हे पाहणारा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्या पुढ्यात पाच दांडगे गडी ओणवे होऊन फळी धरतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, आणि दोन टोकांना टॅकल. सेंटर दोन्ही पायांमधून चेंडू मागे देतो, आणि त्याच क्षणी समोरचे तितकेच दांडगे गडी क्वार्टरबॅकवर धावून येतात. या पाचांनी त्यांना थोपवायचे. किती वेळ? अडीच-तीन सेकंद! तेवढ्यात चेंडू फेकला गेला की यांचे काम संपले. क्वार्टरबॅक बहुधा उजव्या हाताचा असतो, म्हणून फेकताना त्याची पाठ डावीकडे होते. ती पाठ राखणारा डावा टॅकल हा या पाचांतला सर्वांत मोलाचा.

आता गंमत पाहा. या खेळात मोजदादीचे वेड असे, की पळणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात, फेकणाऱ्याचे तर काय काय मोजतात ते विचारूच नका. क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवा केला तर त्याला सॅक म्हणतात, आणि १९८२ सालापासून प्रत्येक सॅक आडवा करणाऱ्याच्या नावावर अधिकृतपणे जमा होतो. अडविणाऱ्याच्या नावावर मात्र जमेला काहीच नाही. हां, त्याने समोरच्याला बेकायदा धरून ठेवले तर दहा यार्डांचा दंड होतो, आणि त्या वेळी मात्र पंच ध्वनिक्षेपकावरून त्याच्या पाठीवरचा क्रमांक साऱ्या स्टेडियमला ऐकवितात! महाविद्यालयीन खेळाडूंना १९३५ सालापासून हाइझमन नावाचे मोठे पारितोषिक देतात. ते या पाच जागांवरच्या गड्याला एकदाही मिळालेले नाही. १९७३ साली ओहायो स्टेट विद्यापीठाचा टॅकल जॉन हिक्स दुसरा आला, तीच आजवरची मजल.

अशा माणसाची पारख करायची कशी? प्रश्न नुसता तात्त्विक नाही, लाखो डॉलरांचा आहे. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस तिथे ड्राफ्ट नावाचा सोहळा होतो. महाविद्यालयात खेळलेली मुले एका बाजूला, व्यावसायिक लीगचे बत्तीस संघ दुसऱ्या बाजूला. मागल्या हंगामात जो संघ तळाला गेला त्याने पहिली निवड करायची, आणि मग क्रमाने पुढे. अशा सात फेऱ्या, तीन दिवस, अडीचशेवर मुले. जितके वर नाव तितका करार मोठा. आणि मुलाने कोणत्या गावी, कोणत्या गुरूच्या हाताखाली जायचे, हेही त्यातच ठरते. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. कल्पना तिथल्या संघाचे मालक बर्ट बेल यांची. त्या दिवशी सर्वांत पहिला निवडलेला जे बरवँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. पारखीच्या धंद्याला शकुन असा झाला!

माझा भाचा फिलाडेल्फियाजवळ राहतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे होतो, आणि त्या वर्षीचा ड्राफ्ट ग्रीन बे या लहानशा गावी भरला होता. तीन दिवस आमच्या भाचेरावांनी दूरदर्शन संचासमोरून उठायचे नाव घेतले नाही. सूनबाईंनी जेवणाची ताटे तिथेच आणून दिली, तेव्हा मीही तिथेच मांडी घातली. चौथ्या क्रमांकावर न्यू इंग्लंडच्या संघाने लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या विल कॅम्पबेल या टॅकलचे नाव घेतले, आणि भाचेराव म्हणाले, "मामा, या पोराचे हात आखूड आहेत की नाहीत, यावर गेले दोन महिने नुसते रण माजलेय."

मला वाटले, थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिस शहरी निवडक तीनशेच्या आसपास मुलांना बोलावून त्यांची मापे काढतात. या जत्रेला कम्बाइन म्हणतात. तिथे उंची, वजन, तळहाताची रुंदी आणि हाताची लांबी मोजतात. ४० यार्ड किती सेकंदांत पळतो, जागच्या जागी किती उंच उडी मारतो, १०२ किलोंचा भार उताणा पडून किती वेळा उचलतो, हेही पाहतात. डॉक्टर सांधे न् सांधा तपासतात, संघाचे लोक पंधरा-वीस मिनिटांच्या मुलाखती घेतात. पूर्वी बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडविण्याची एक बुद्धीची परीक्षाही असे. २०२२ साली ती बंद केली.

टॅकलचे हात निदान ३३ इंच, जमले तर ३४ इंच, असावेत असा जाणत्यांचा संकेत आहे. त्यात तथ्यही आहे. धावून येणाऱ्याच्या छातीवर पहिला हात ज्याचा पडेल त्याचे पारडे जड; आखूड हाताच्याला तो गाठीपर्यंत येऊ द्यावा लागतो. कॅम्पबेलचे हात कम्बाइनमध्ये ३२ पूर्णांक ५/८ इंच भरले. पुढे त्याच्या स्वतःच्या विद्यापीठात पुन्हा मोजले, तेव्हा ३३ इंच भरले. हात तोच, हाताचा धनी तोच, फरक तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे करंजीच्या कातलेल्या कडेएवढा! आणि तेवढ्यावरून याला टोकाला टॅकल म्हणून उभा करावा की आत सरकवून गार्ड करावा, याचा वाद. हा मुलगा पहिल्या वर्षापासून तीन हंगाम विद्यापीठाचा डावा टॅकल होता. त्या तीन हंगामांत त्या हातांनी काय केले, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

तुम्ही म्हणाल, फीत तरी खोटे बोलत नाही ना? खरे आहे. पण ती आपण विचारू तेवढेच सांगते. ज्या ग्रीन बेमध्ये हा सोहळा चालला होता, त्याच गावच्या संघाची एक जुनी गोष्ट आहे. १९८९ साली मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच नावाचा टॅकल होता. वजन तीनशे पौंडांवर, आणि एवढा देह घेऊन तो ४० यार्ड ४.६५ सेकंदांत पळाल्याचे छापून आले होते. 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'ने त्याला मुखपृष्ठावर घेतले. ग्रीन बेने दुसऱ्या क्रमांकावर त्याची निवड केली. त्या वर्षीच्या पहिल्या पाचांतले बाकीचे चौघे म्हणजे ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स. चौघेही पुढे फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले. मँडरिच १९९१ नंतर ग्रीन बेसाठी मैदानात उतरला नाही. २००८ साली त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले, की कॉलेजात असताना आपण स्टेरॉइड घेत होतो, आणि पुढे दारूच्या आणि वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलो. फितीने, घड्याळाने माप बरोबर दिले होते; पण त्यातले मुलाचे किती आणि औषधाचे किती, हे त्यांना कुणी विचारले नव्हते. जाता जाता हेही सांगायला हवे, की व्यसन सोडून हा गृहस्थ परत आला आणि १९९६ ते १९९८ ही तीन वर्षे इंडियानापोलिसच्या संघात खेळला. या वेळी मुखपृष्ठावर कुणी छापले नाही. पण त्याच्या कहाणीतला मला आवडलेला भाग तोच आहे.

उलट टोकाची गोष्ट २०१८ सालची. ओक्लाहोमा विद्यापीठाचा टॅकल ऑर्लँडो ब्राऊन. उंची ६ फूट ८ इंच, वजन ३४५ पौंड, म्हणजे सुमारे १५६ किलो. त्याचे वडीलही याच जागेवर बॉल्टिमोरच्या संघातून खेळलेले. २०११ साली ते वारले, तेव्हा मुलगा शाळेत होता. विद्यापीठातला त्याचा खेळ असा, की पहिल्या फेरीत याचे नाव येणार अशी बोलवा होती. मग कम्बाइन झाले. ४० यार्डांना त्याला ५.८५ सेकंद लागले. भार १४ वेळाच उचलला. उडी २० इंचही भरली नाही. सगळ्या देशाने पाहिले, हसले, आणि पहिल्या फेरीतला मुलगा तिसऱ्या फेरीत ८३व्या क्रमांकावर जाऊन पडला. त्याला उचलले ते वडिलांच्याच बॉल्टिमोरने.

वास्तविक टॅकलला ४० यार्ड सरळ पळायचे प्रसंग वर्षातून किती येतात? तसा प्रसंग आलाच, तर समजावे की एक तर फार चांगले झाले आहे, नाहीतर फार वाईट. त्याचे सारे आयुष्य दोन-चार यार्डांच्या चौकोनात जाते. पण घड्याळ हातात असले की माणसाला काहीतरी मोजावेसे वाटते. आमच्या विद्यार्थ्यांचीही अशी समजूत आहे, की आम्ही प्राध्यापक मंडळी उत्तरे वाचीत नाही, जोडलेल्या पुरवण्या मोजतो!

तरी फितीवर एकतर्फी निकाल देणे बरे नव्हे. २०१३ साली आर्कन्सामधल्या पाइन ब्लफ नावाच्या लहान विद्यापीठाचा टेरन आर्मस्टेड हा टॅकल कम्बाइनमध्ये ४.७१ सेकंदांत पळाला. त्याच्या विद्यापीठाचे सामने मोठ्या विद्यापीठांसारखे देशभर कोण पाहत होते? घड्याळाने हाक मारली तेव्हा लोकांनी माना वळविल्या. तिसऱ्या फेरीत ७५वा निवडलेला हा मुलगा न्यू ऑर्लिन्स आणि मायामीकडून बारा हंगाम खेळला आणि पाच वेळा लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, प्रो बोलसाठी, निवडला गेला. ज्याला कुणी वालीच नाही, त्याच्या बाजूने कधीकधी हा रोकडा आकडाच उभा राहतो. गावाकडच्या कॉलेजातून आलेल्या मुलांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

मग खरी पारख कशाने होते? या प्रश्नाचे भाचेरावांनी दिलेले उत्तर मला फार आवडले. त्यांनी संगणकावर फिलाडेल्फियाच्या एका जुन्या सामन्याची चित्रफीत लावली. ही फीत वरून, उंचावरून घेतलेली असते. तिच्यात बावीसही गडी दिसतात. "मामा, आता एक करायचे. चेंडू पाहायचा नाही. डावीकडच्या त्या टोकाच्या गड्यावरची नजर हलवायची नाही."

वाचकहो, करून पाहा. फार अवघड आहे! डोळा हट्टी असतो. तो चेंडूमागे धावतो, गर्दीचा ओरडा जिकडे तिकडे जातो. चार-पाच वेळा तोच डाव उलटसुलट पाहिला तेव्हा कुठे तो एकटा गडी मला दिसू लागला. आधी पाय. चेंडू हलला रे हलला की तो तिरका मागे सरकतो, पण पाय एकमेकांत अडकत नाहीत. मग गुडघे. तो गुडघ्यांत वाकतो, कमरेत वाकत नाही. कमरेत वाकला तो पुढे कलंडला. मग हात. ते फार लवकर टाकले तर समोरचा झटकून निघून जातो, फार उशिरा टाकले तर तोच छातीवर येतो. मग डोळे. समोरचे दोघे मध्येच वाटा बदलून एकमेकांना छेद देतात, तेव्हा आपला गडी शेजाऱ्याच्या हवाली करून त्याचा गडी आपण घ्यायचा, तोही न बोलता. आणि सर्वांत शेवटी, भाचेराव म्हणाले, "तो हरतो तेव्हा काय करतो ते पाहायचे." कारण कितीही मोठा टॅकल असला तरी काही डावांत पहिल्या पावलाला हरतोच. त्यानंतरचे अर्ध्या सेकंदातले दुसरे पाऊल कसे पडते, यावर त्याची किंमत.

हे काम एका सामन्यात साठ-सत्तर डाव, आणि प्रत्येक डाव तीन-चार वेळा, असे करावे लागते. त्यातही अडचणी आहेतच. सबंध हंगामात खरोखर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी दोन-तीनदाच समोर येतो. बाकीच्या सामन्यांत मोठेपण स्वस्तात मिळते. कित्येक विद्यापीठांत चेंडू इतक्या झटपट फेकतात, की मुलाला तीन सेकंद तग धरण्याची पाळीच येत नाही. ते त्याला येते की नाही, हे कळणार कसे? आणि मोठी अडचण अशी, की एखादा गडी फळी फोडून आत शिरला तर चूक कुणाची? टॅकलची की गार्डची? त्या डावात कुणाला काय नेमून दिले होते, हे बाहेरच्याला ठाऊक नसते. भिंत पडली हे सर्वांना दिसते. कोणती वीट आधी सरकली हे गवंड्यालाच माहीत.

एवढे करूनही पारख चुकते ती चुकतेच. २०१३ साली पहिल्या चार निवडींत तीन टॅकल होते. पहिला एरिक फिशर, दुसरा ल्यूक जोकेल, चौथा लेन जॉन्सन. जोकेलचे करियर पाच हंगामांत आटोपले. जॉन्सन फिलाडेल्फियात गेला आणि लीगचा अजिंक्यपदाचा सामना, म्हणजे सुपर बोल, दोनदा जिंकलेल्या संघात राहिला. त्या फिलाडेल्फियाची २०२० सालची फळी मला फार बोलकी वाटते. तिच्यात चौथ्या क्रमांकाचा हा जॉन्सन. सेंटरला जेसन केल्सी. तो सिनसिनाटी विद्यापीठात शिष्यवृत्तीवाचून दाखल झालेला, या जागेसाठी वजनाने हलका, २०११ साली सहाव्या फेरीत १९१वा निवडलेला; पुढे सहा वेळा लीगच्या सर्वोत्तम संघात गणला गेला. डाव्या टॅकलच्या जागेवर जेसन पीटर्स, ज्याला २००४ साली सातही फेऱ्यांत कुणी घेतले नव्हते, आणि जो नऊ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. आणि पीटर्सच्या जागी उभा राहू लागलेला जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळाडू. २०१८ साली सातव्या फेरीत २३३वा निवडला गेला, तेव्हा अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळलेला नव्हता! चौथा, एकशे एक्क्याण्णवावा, दोनशे तेहेतिसावा आणि कुणालाच नको असलेला, असे चौघे एका पंगतीत.

याचे रहस्य काय? एक भाग नशिबाचा म्हणा. पण एक भाग गुरूचा आहे. २०१३ साली जेफ स्टाउटलंड नावाचे प्रशिक्षक फिलाडेल्फियाच्या या फळीकडे आले. मायलाटाला त्यांनी ओणवे कसे व्हायचे इथपासून शिकविले. दूरदर्शनवर सामन्याच्या सुरुवातीला खेळाडू आपापले नाव आणि विद्यापीठ सांगतात. मायलाटाला विद्यापीठ नव्हते. तो सांगू लागला, 'जेफ स्टाउटलंड विद्यापीठ!' बत्तीस संघांच्या पारख्यांना तो सातव्या फेरीपर्यंत दिसला नाही, यात त्यांचा सगळाच दोष नाही. फुलात जे नाही ते शोधून कुणाला सापडणार? ते नंतर, कुणीतरी खत-पाणी घातल्यावर आले.

आणि आता त्या ८३व्या क्रमांकाच्या ऑर्लँडो ब्राऊनकडे वळू. २०२२ च्या हंगामात फिलाडेल्फियाच्या धावून जाणाऱ्या गड्यांनी समोरच्या क्वार्टरबॅकांना ७० वेळा आडवे केले. लीगच्या साऱ्या इतिहासात एवढा मोठा आकडा क्वचितच झाला होता. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी सुपर बोलला त्यांची गाठ कॅन्सस सिटीशी पडली. कॅन्ससच्या क्वार्टरबॅकचा, पॅट्रिक माहोम्सचा, घोटा आधीच दुखावलेला. सामन्यात पुन्हा मुरगळला. त्याची पाठ राखायला डावीकडे उभा होता ब्राऊन, मधल्या काळात बॉल्टिमोरहून कॅन्सस सिटीला आलेला. कॅन्सस सिटीने ३८-३५ असा सामना जिंकला. उत्कृष्ट खेळाडूचे पारितोषिक माहोम्सला मिळाले, आणि ते योग्यच होते. त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या नावावर सॅक किती? शून्य. त्यात बाकी चौघांचा वाटा आहे, चेंडू चपळाईने फेकणाऱ्याचाही आहे. पण ५.८५ सेकंदांवर हसलेल्या लोकांनी त्या शून्याकडेही एकदा पाहायला हवे होते. या पाच जणांना जमेला मिळणारा हा एकच आकडा, आणि तो पाचांत मिळून एक!

आमच्या महाविद्यालयात वाङ्मयमंडळाचे उद्घाटन दर वर्षी होते. पाहुण्यांच्या गळ्यात हार घालणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र वार्षिकात छापून येते. माइक पहिल्या शब्दापासून चालला, सतरंज्या वेळेवर पडल्या, पाहुण्यांना स्टेशनवर गाठ पडली नाही असे झाले नाही, याचे छायाचित्र निघत नाही; काढणार कशाचे? परीक्षेत तो मुलगा बहुधा द्वितीय श्रेणीत असतो. तीन वर्षांनी तो नोकरीच्या अर्जाला जोडायला माझ्याकडे दाखला मागतो. दाखल्याच्या छापील नमुन्यात वागणुकीपुढे 'चांगली' एवढे लिहायला जागा असते. त्या जागेखाली, समासात का होईना, मी एक वाक्य जास्त लिहितो: कोणत्या तारखेच्या, कोणत्या कार्यक्रमाला, त्याने काय सांभाळले म्हणून काय बिघडले नाही. आमच्या कचेरीतले हेडक्लार्क दर वेळी म्हणतात, "सर, असे लिहायची पद्धत नाही." मी शिक्का मारून घेतो आणि कागद त्या मुलाच्या हातात ठेवतो.